म्हशीचा खूर, पालीचं पाऊल आणि पायांवर चालणारी यंत्रं

कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जाऊन ग्लासभर धारोष्ण दूध पिणं ही माझी कॉलेजपासूनची सवय. २०२५ च्या जानेवारीत, पुण्यात लष्कर दिनाचं संचलन झालं त्या आठवड्यात, तिथं दुधापेक्षा मोबाइलभोवती जास्त गर्दी होती. १५ जानेवारीच्या त्या संचलनात चार पायांची यांत्रिक खेचरं रांगेत चालत गेली होती. धार काढणाऱ्या मामांनी तो व्हिडिओ दोनदा बघितला, मोबाइल माझ्या हातात परत दिला आणि विचारलं, "मास्तर, एवढा पैसा घातलाय, तर मग चाकं का न्हाईत लावली?"

मी काहीतरी उत्तर दिलं. मामांचं समाधान झालं नाही, माझंही झालं नाही. पण ते विचारत असतानाच त्यांच्या म्हशीनं जागा बदलली. ओल्या फरशीवर तिचा मागचा पाय सरकला. तिनं खाली बघितलं नाही. खुराचे दोन भाग फाकले, मागचा पाय किंचित वाकला, एवढं मोठं धूड क्षणभर डावीकडं कललं आणि परत स्थिर झालं. रवंथ थांबलासुद्धा नाही.

पुण्यातल्या त्या खेचरांना नेमकं हेच जमावं म्हणून जगभरातले अभियंते चाळीस-पन्नास वर्षं झटताहेत. मामांच्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याच म्हशीच्या पायाखाली होतं. ते नीट उलगडून सांगावं म्हणून हा लेख.

चाक असताना पाय कशाला?

डांबरी रस्त्यावर चाकाला तोड नाही, हे आधी कबूल करू. सपाट जमिनीवर ओझं न्यायचं असेल तर पायांचं यंत्र करणं म्हणजे पैसा आणि बॅटरी वाया घालवणं.

पण चाकाला सलग वाट लागते. मधला एक हात रस्ता खचला की गाडी अडली. पायाचं तसं नसतं. ओढ्यातले दगड आठवा. आपण या दगडावरून त्या दगडावर पाय टाकत पलीकडं जातो, मधल्या पाण्याशी आपल्याला देणंघेणं नसतं. पायाला रस्ता लागत नाही, पाऊल मावेल एवढ्या तुटक जागा पुरतात. जोतिबाच्या पायऱ्या, पन्हाळ्याच्या कड्याखालची वाट, भर पावसात उसाच्या सरीतून जाणं, २०१९ च्या महापुराचं पाणी उतरल्यावर गल्लीगल्लीत साचलेला गाळ, या सगळ्या ठिकाणी माणूस आणि जनावर पोचतं, गाडी पोचत नाही.

आपल्या बैलगाडीत या दोन्हींची वाटणी किती शहाणपणानं केली आहे बघा. ओझं चाकावर आणि ओढण्याचं काम पायांवर. उसाची गाडी फडातून बाहेर काढायची तर मातीत घट्ट पकड बैलाच्या खुरांनाच मिळते. झ्युरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी हाच विचार पुढं नेऊन चार पायांच्या यंत्राच्या पावलांनाच चाकं लावली आहेत. रस्ता चांगला असेल तर ते घरंगळत जातं, पायरी आली की पाय उचलतं.

तिपाई आणि धावती सायकल

पाय लावले की पहिला प्रश्न तोलाचा. तोल दोन प्रकारचा असतो आणि हा फरक कळला की पुढचं सगळं सोपं होतं.

पहिला तिपाईचा तोल. तीन पाय जमिनीवर टेकले आणि वजनाचा मध्य त्या तीन पायांच्या आत राहिला, तर वस्तू पडत नाही. मुंगी, झुरळ असे सहा पायांचे कीटक बऱ्याचदा असेच चालतात. एका बाजूचा पुढचा आणि मागचा पाय अधिक दुसऱ्या बाजूचा मधला पाय अशी एक तिपाई टेकलेली असते, तेवढ्यात दुसरी तिपाई हवेतून पुढं जाते. सुरुवातीची बरीच पायांची यंत्रं याच तत्त्वावर चालत. ती पडत नसत, पण वेगही नसे.

दुसरा धावत्या सायकलचा तोल. उभी सायकल पडते, चालती पडत नाही. पळणारा घोडा दर पावलाला पडायला लागतो आणि पडायच्या आत पुढचा पाय योग्य जागी टाकतो. १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकारानं ओळीनं कॅमेरे लावून भरधाव घोड्याची चित्रं टिपली, तेव्हा कळलं की एका क्षणी घोड्याचे चारही पाय हवेत असतात. तेही चित्रकार काढत तसे पुढंमागं ताणलेले नव्हे, तर पोटाखाली गोळा झालेले. शतकानुशतकं माणूस घोड्यावर बसत होता आणि घोडा कसा पळतो हे डोळ्यांना दिसलंच नव्हतं.

यंत्रात हा दुसरा तोल आणला मार्क रेबर्ट यांनी. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात त्यांनी एकाच पायाचं यंत्र केलं. एका पायावर स्थिर उभं राहणं शक्यच नव्हतं, म्हणून ते सतत उड्या मारत राहायचं. लंगडीच्या खेळात पोरं करतात तेच. रेबर्ट यांनी तीन साध्या गोष्टी वेगवेगळ्या सांभाळल्या: उडी किती उंच, अंग किती सरळ आणि पुढचं पाऊल कुठं. पुढं जास्त कललात तर पाऊल आणखी पुढं टाका, एवढाच नियम. एक पाय जमल्यावर दोन आणि चार पाय जमले. याच रेबर्ट यांनी १९९२ मध्ये बोस्टन डायनॅमिक्स ही कंपनी काढली. मोबाइलवर दिसणाऱ्या बहुतेक यांत्रिक कुत्र्यांची वंशावळ त्या लंगडी घालणाऱ्या पायापर्यंत मागं नेता येते.

घोड्याबद्दल आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. घोडा साधी चाल सोडून दुडकी कधी धरतो आणि दुडकी सोडून चौखूर कधी उधळतो? १९८१ मध्ये दोन संशोधकांनी छोट्या घोड्यांना सरकत्या पट्ट्यावर चालवून त्यांचा श्वास मोजला. प्रत्येक चालीला ज्या वेगात सर्वांत कमी ऊर्जा लागते, घोडे आपणहून त्याच वेगाच्या आसपास राहत होते. मोटारसायकलवर आपण इंजिनाचा आवाज ऐकून गिअर बदलतो, घोडा चाल बदलतो.

झुरळाच्या पाठीवरची तोफ

या विषयातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग हा आहे, म्हणून इथं थोडं थांबतो.

आपल्याला वाटतं की चालणं म्हणजे मेंदूनं हुकूम द्यायचा आणि पायांनी पाळायचा. म्हणून पूर्वीच्या यंत्रांतही तसंच केलं गेलं: भरपूर मोजमाप, भरपूर गणित आणि प्रत्येक सांध्याला प्रत्येक क्षणी आज्ञा. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात रॉबर्ट फुल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. पळत्या झुरळाच्या पाठीवर त्यांनी चिमुकली तोफ बसवली. तोफ उडाली की झुरळाला एका बाजूनं जोराचा धक्का बसे. तरी झुरळ सावरायला लागायचं ते सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास. इतक्या थोड्या वेळात संवेदना मेंदूकडं जाऊन, निर्णय होऊन, हुकूम परत पायापर्यंत यायला फुरसतच नसते. मग सावरलं कुणी? पायांनीच. झुरळाचे पाय स्प्रिंगसारखे लवचीक असतात, बाजूला फाकलेले असतात. धक्का बसला की ते दबतात आणि आपसूक मूळ जागी येतात. खड्ड्यातून गेलेली गाडी शॉक अॅब्सॉर्बर सावरतो, त्यासाठी ड्रायव्हरला काही करावं लागत नाही, तसंच.

या विचाराची दुसरी बाजू टॅड मॅकगीअर यांनी १९९० मध्ये कॅनडात दाखवली. त्यांनी दोन पायांचा एक सांगाडा केला. त्याला मोटर नाही, बॅटरी नाही, कॉम्प्युटर नाही. हलक्या उतारावर ठेवून सोडला की तो माणसासारखा पाऊल पाऊल टाकत खाली चालत जायचा. पायाची लांबी, वजनाची वाटणी, तळव्याचा गोलावा हे जमवलं की लंबकासारखा झोका घेत पाय आपणहून पुढं येतो. चालणं त्या घडणीतच होतं.

याचा व्यवहारात उपयोग केवढा? होंडाचा असिमो हा प्रसिद्ध मानवाकृती यंत्रमानव गुडघे वाकवून, प्रत्येक सांधा मोटरनं धरून चालायचा. वजन आणि अंतर हिशोबात धरलं तर त्याला माणसाच्या किमान दहापट ऊर्जा लागते, असा अंदाज संशोधकांनी २००५ मध्ये मांडला. उलट कॉर्नेल विद्यापीठाच्या रेंजर या यंत्रानं पायांना झोका घेऊ दिला, मोटर फक्त थोडा टेकू देण्यापुरती वापरली आणि २०११ मध्ये एकाच चार्जिंगवर, कुणीही हात न लावता ६५ किलोमीटर चालून दाखवलं. कोल्हापूरहून निघून सांगली मागं टाकण्याइतकं हे अंतर आहे.

आपल्याकडं तालमीत हे कुणाला वेगळं शिकवावं लागत नाही. लाल मातीत उतरलेल्या पोराला वस्ताद महिनोन्महिने जोर-बैठका काढायला लावतात, एकच डाव शेकडो वेळा घोटून घेतात. समोरच्यानं पट काढला तर विचार करायला वेळ मिळणार नाही, कमरेनं आणि मांड्यांनीच उत्तर द्यायचं, हे त्यामागचं गणित. संतांच्या बोलण्यात 'देहबुद्धी' हा शब्द देहालाच मी समजण्याच्या भ्रमासाठी येतो. इथं मला तो अक्षरशः, देहात असलेली बुद्धी या अर्थानं वापरावासा वाटतो, कारण मराठीत याहून नेमका शब्द मला सापडलेला नाही.

ही बुद्धी कण्यातही असते. पालीची तुटलेली शेपटी घरात वळवळताना सगळ्यांनी पाहिली आहे. तिथं मेंदू नाही, तरी लयबद्ध हालचाल चालू असते, कारण ती लय निर्माण करणारं मज्जातंतूंचं जाळं शेपटीच्या कण्यातच असतं. चालण्याची मूळ लयही अशीच मेंदूखाली, कण्यात तयार होते. मेंदू तिला फक्त हळू, जोरात, थांब एवढं सांगतो. २००७ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये आउके आइस्पेर्ट यांच्या गटानं सॅलमँडर या पालीसारख्या उभयचराच्या धर्तीवर यंत्र केलं. त्याला मिळणारा इशारा नुसता वाढवत नेला, की ते चालायचं सोडून नागमोडी पोहायला लागायचं.

कोल्हापूरचे चित्ते

चित्त्याचं नाव काढलं की जुन्या कोल्हापूरकरांना चित्तेवान आठवतात. शाहू महाराजांच्या आणि पुढं राजाराम महाराजांच्या काळात संस्थानात काळविटांच्या शिकारीसाठी चित्ते पाळले जात, आफ्रिकेतूनही आणले जात. देशातून चित्ता नाहीसा झाल्याचं १९५२ मध्ये जाहीर झालं आणि २०२२ मध्ये मध्य प्रदेशातल्या कुनोत तो परत आणला गेला.

चित्त्याच्या वेगाचं गुपित त्याच्या कण्यात आहे. पळताना कणा धनुष्यासारखा वाकतो आणि सरळ होतो, त्यामुळं एकेक झेप लांब पडते. २०१२ मध्ये बोस्टन डायनॅमिक्सच्या चीता या यंत्रानं वाकणारी पाठ वापरून सरकत्या पट्ट्यावर ताशी ४५.५ किलोमीटर वेग गाठला. उसेन बोल्टच्या सर्वोच्च वेगापेक्षा तो थोडा जास्त होता. त्या बातम्यांत एक गोष्ट मात्र बारीक अक्षरात असायची: यंत्राला ताकद देणारा हायड्रॉलिक पंप बाहेर होता. ते पट्टा सोडून मैदानात जाऊ शकत नव्हतं.

खऱ्या चित्त्याकडून शिकण्यासारखं वेगापलीकडंही आहे. लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजच्या अॅलन विल्सन यांनी बोट्स्वानातल्या जंगली चित्त्यांच्या गळ्यात मोजमापाचे पट्टे बांधले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नोंदींत सर्वोच्च वेग ताशी ९३ किलोमीटर निघाला, पण बहुतेक पाठलाग त्याहून खूपच कमी वेगात झालेले होते. शिकार मिळत होती ती झपकन वेग घेण्यानं, करकचून थांबण्यानं आणि वळण्यानं. वळताना शेपटी विरुद्ध बाजूला फेकून चित्ता अंग सावरतो. केपटाउन विद्यापीठातल्या अमीर पटेल यांनी चाकांच्या एका छोट्या यंत्राला अशी शेपटी बसवून, ते वेगात वळताना उलटू नये हे साधलं.

इतकं असूनही आज विकत मिळणाऱ्या बहुतेक यांत्रिक कुत्र्यांची पाठ एखाद्या पेटीसारखी ताठ असते. माझ्या मते हा निर्णय बरोबर आहे. ती यंत्रं चालतात, फार तर दुडकतात. त्या वेगात वाकणाऱ्या कण्याचा फायदा थोडा आणि जादा सांध्यांचं वजन, बिघाड आणि खर्च मात्र जास्त.

पाल छताला चिकटते ती कशानं?

ट्यूबलाइटशेजारची पाल खालून नीट बघा. किडा टिपायला ती झेपावते तेव्हा बोटं टोकाकडून सोलल्यासारखी वर उचलते. स्टिकर काढताना आपण कोपऱ्यातून काढतो तसं. तिच्या पावलाला ना गोंद असतो ना हवा ओढून धरणारी वाटी. टोके जातीच्या मोठ्या पालीवर केलेल्या अभ्यासात दिसलं की एकेका पावलावर सुमारे पाच लाख अतिसूक्ष्म केस असतात आणि प्रत्येक केसाच्या टोकाला शेकडो फाटे. ते फाटे इतके बारीक असतात की भिंतीच्या कणांच्या अगदी लगत जातात आणि कोणत्याही दोन वस्तू खूप जवळ आल्यावर त्यांच्यात जी क्षीण ओढ असते, ती कामाला लागते. एका फाट्याची ओढ नगण्य. पण अंबाबाईच्या रथाच्या दोराला हजारो हात लागले की रथ हलतो, तशी ही ओढ साठत जाते. हे केस एकाच दिशेनं ओढल्यावर धरतात आणि कोन बदलला की सुटतात. पाल चिकटते यापेक्षा ती सुटते कशी, हा मला जास्त मोठा चमत्कार वाटतो.

२००६ मध्ये स्टॅनफर्डच्या मार्क कटकोस्की यांच्या प्रयोगशाळेनं याच तत्त्वाची पावलं लावून काच चढणारं स्टिकीबॉट केलं. पुढं त्याच प्रयोगशाळेनं हाताचे पॅड केले आणि २०१४ मध्ये सुमारे ७० किलो वजनाचा माणूस ते धरून काचेची उभी भिंत चढला.

मग हुबेहूब प्राणीच का तयार करत नाहीत?

हा प्रश्न वर्गात दरवर्षी येतो. नांदणीच्या मठातली महादेवी हत्तीण गुजरातला नेण्यावरून २०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये जिल्हा ढवळून निघाला, तेव्हा केरळच्या देवळांतल्या यांत्रिक हत्तींचेही व्हिडिओ फिरत होते. ते कान हलवतात, सोंड हलवतात. पण त्यांना न्यायचं असतं चाकांवरून. ती हत्तीच्या रूपाची प्रतिकृती आहे आणि देवळातल्या सोहळ्यासाठी रूपच हवं असतं, त्यामुळं त्यात काही चूक नाही. या लेखाचा विषय मात्र हत्ती कसा दिसतो हा नसून तो काय करतो आणि ते त्याला कशामुळं जमतं हा आहे.

प्राणी आणि यंत्र यांचं सामान वेगळं असतं. स्नायू मऊ असतो, दुखावला तर भरून येतो, कडबा खाऊन चालतो. मोटर तशी नाही, पण ती सलग गोल फिरू शकते. कोणत्याही जनावराचा खुबा गोल गोल फिरत नाही. झुरळावरच्या अभ्यासातून २००१ च्या सुमारास तयार झालेलं आरहेक्स हे यंत्र म्हणूनच मला फार आवडतं. सहा पाय, प्रत्येक पाय म्हणजे अर्धगोल वाकवलेली लवचीक पट्टी आणि प्रत्येक पायाला एकच मोटर जी तो पाय पूर्ण गोल फिरवते. दिसायला त्यात झुरळाचं काहीही नाही. पण तिपाईची चाल आणि स्प्रिंगसारखे पाय हे झुरळाचं मर्म त्यात पुरेपूर आहे. दगडगोटे, पायऱ्या, सगळं ते तुडवत जातं.

खुराचंही तसंच. दुभंगलेला खूर चिखलात टेकला की फाकतो आणि वजन जास्त जागेवर पसरतं. वर उचलताना दोन्ही भाग जवळ येतात आणि चिखलाची ओढ सुटते. आपला सपाट बूट मात्र गाळात गच्च रुतून बसतो. एस्टोनियातल्या टॅलिनच्या तंत्रज्ञान विद्यापीठात मूस या मोठ्या हरणाच्या पायाचा अभ्यास करून यंत्राला दुभंगलेली पावलं बसवण्यात आली. ते कमी रुतलं आणि पाय उपसायला ताकदही कमी लागली. त्यासाठी मूसचा पाय घडवावा लागला नाही, दोन फाकणारे तुकडे पुरले. कट्ट्यावरच्या म्हशीनं केलं ते नेमकं हेच होतं.

खरी वेळ येते तेव्हा माणूसच लागतो ना?

हा आक्षेप गंभीर आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये उत्तराखंडच्या सिलक्यारा बोगद्यात ४१ कामगार १७ दिवस अडकले होते. भोक पाडणारं मोठं यंत्र ढिगाऱ्यात मोडलं आणि शेवटचा टप्पा हातानं खणून पूर्ण केला तो 'रॅट होल' खाणकामगारांनी, म्हणजे उंदरासारखं बीळ करत जाणाऱ्या माणसांनी. त्यांच्यापुढं नतमस्तक व्हावं असंच ते काम होतं. पण अशा बिळात पुढच्या वेळीही माणसालाच जावं लागावं का?

सापासारखी यंत्रं याच प्रश्नासाठी तयार होताहेत. टोकियोत शिगेओ हिरोसे यांनी १९७२ मध्येच पहिलं चालतं यांत्रिक सर्पशरीर केलं. सापाच्या पोटाचे खवले पुढं सहज घसरतात, आडवे सरकताना मात्र अडतात. म्हणून अंग नागमोडी केलं की साप पुढं जातो. पुराच्या दिवसांत घरात शिरलेला साप खरबरीत शहाबादी फरशीवर सरसर जातो आणि गुळगुळीत टाइल्सवर तिथल्या तिथं वळवळत राहतो, त्याचं कारण हेच. हिरोसे यांनी खवल्यांच्या जागी बारकी चाकं लावली. २०१४ मध्ये वाळूच्या चढावर आडवा सरपटणारा साप अभ्यासला गेला, तेव्हा दिसलं की चढ वाढला की तो अंगाचा जास्त भाग वाळूला टेकवतो. हे कळल्यावर घसरणारा यांत्रिक सापही चढ चढू लागला. २०१७ च्या मेक्सिको सिटीच्या भूकंपानंतर कार्नेगी मेलनचा यांत्रिक साप कोसळलेल्या इमारतीत उतरवला गेला. तिथं जिवंत कुणी सापडलं नाही. झुरळ तीन मिलिमीटरच्या फटीतूनही जातं हे मोजून बर्कलीत २०१६ मध्ये दबणाऱ्या अंगाचं एक छोटं यंत्र तयार झालं, तेही अशाच ढिगाऱ्यांसाठी.

म्हणजे आजचं उत्तर असं: माणसाची जागा या यंत्रांनी घेतलेली नाही, पण आधी आत जाऊन बघून येण्याइतकी ती तयार होत आली आहेत. अडचण सर्वांत जास्त ऊर्जेची आहे. बोस्टन डायनॅमिक्सचा स्पॉट हा यांत्रिक कुत्रा एका बॅटरीवर साधारण ९० मिनिटं चालतो. खरं खेचर चाऱ्यावर दिवसभर डोंगर चढतं.

काम जाईल का? आणि बंदूक?

ऊसतोड मजुरांचं काय, असं एका विद्यार्थिनीनं विचारलं होतं. तिचे आईवडील टोळीबरोबर येतात. फडात येणारी तोडणी यंत्रं चाकांची किंवा पट्ट्यांची आहेत, पायांच्या यंत्रांशी त्यांचा संबंध नाही. त्यांच्यामुळं मजुरी बुडण्याचा प्रश्न खरा आहे आणि तो अभियंत्यांनी सुटणारा नाही. उलट काही कामं माणसाकडून काढून घ्यायलाच हवीत. २०१३ च्या कायद्यानं माणसाला मैला साफ करायला लावणं गुन्हा ठरवलं, तरी गटारात गुदमरून माणसं मरतात. केरळच्या जेनरोबोटिक्स कंपनीनं २०१८ मध्ये मॅनहोलमध्ये उतरणारं यंत्र आणलं. त्याचं नाव बँडिकूट, म्हणजे घूस. अशी यंत्रं प्रत्येक नगरपालिकेकडं असावीत आणि ती गोदामात न ठेवता रोज वापरली जावीत असं मला मनापासून वाटतं.

बंदुकीचं म्हणाल तर ऑक्टोबर २०२२ मध्ये बोस्टन डायनॅमिक्ससह सहा कंपन्यांनी आपल्या सर्वसाधारण वापराच्या यंत्रांवर शस्त्रं चढवणार नाही, असं जाहीर पत्र काढलं. पण ते वचन त्या सहा कंपन्यांचं आहे. बाकीच्यांना बांधणारा नियम सरकारांनीच करायला हवा आणि त्याची चर्चा यंत्र परेडमध्ये चालायला लागल्यावर नाही, आधी व्हायला हवी होती.

एक वीट आणि चार फुटी फळी

कोल्हापुरात ओतकाम आहे, लेथ आहेत, कानावरून बेअरिंग ओळखणारे फिटर आहेत. म्हणून मी विद्यार्थ्यांना व्हिडिओ बघून झाल्यावर मॅकगीअर यांचा सांगाडा करायला लावतो. माझ्या वडिलांच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांचे तुकडे आणि बाद बेअरिंग्ज पडलेलीच असतात. गेल्या खेपेला दोघांनी पाय कापले, सांध्याला बेअरिंग बसवलं, प्लायवुडचे तळवे केले आणि चार फुटी फळीच्या टोकाखाली दोन विटा ठेवल्या. सांगाडा पळत सुटला आणि तोंडावर पडला. एक वीट काढली, तर जागचा हलेना. पुढं येणारा पाय फळीला घासत होता.

गुडघा नसलेला पाय जमिनीवरून उचलणार कसा, यावर बराच वेळ गेला. मग त्यातली एकजण म्हणाली, बदक चालताना डुलतं, ते उगाच नसणार. तिनं तळव्याची बाहेरची कड कानशीनं घासून गोल केली. आता सांगाडा प्रत्येक पावलाला एका बाजूला कलतो, तेवढ्यात दुसरा पाय मोकळा होतो आणि झोका घेऊन पुढं येतो. एका विटेवर नऊ पावलं पडली. टक, टक, टक असा आवाज करत, मोटर नाही, वायर नाही.

नवव्या पावलापर्यंत तो दरवेळी डावीकडं वळत जातो आणि फळीच्या कडेवरून खाली येतो. तिचं म्हणणं डाव्या बेअरिंगमध्ये प्ले, म्हणजे ढिलेपणा, आहे. दुसऱ्याचं म्हणणं दोन्ही तळव्यांचा गोलावा सारखा नाही. बेअरिंग बदलून झालंय, सांगाडा अजून डावीकडंच जातोय, आणि काल संध्याकाळी दोघं कट्ट्यावर मामांच्या म्हशीमागं उकिडवं बसून तिचे मागचे पाय बघत होते.